गळती नसलेल्या भिंतीवर बुरशी कशी येते?

2021 साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ हे नाव पडले आणि भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांचीही लोकांना धास्ती वाटू लागली. त्या आजारातील काळा रंग बुरशीचा नसून रक्तपुरवठा तुटून मृत झालेल्या ऊतींचा असतो. भिंतीवरचा काळेपणा मात्र बहुधा क्लॅडोस्पोरियमसारख्या बुरशींच्या पेशींतील मेलॅनिन या गडद रंगद्रव्यामुळे येतो. तरीही भिंतीवरच्या बुरशीकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही, कारण तिच्या बीजाणूंमुळे दम्याचा त्रास बळावतो.

बुरशी दिसली म्हणजे कुठेतरी गळती असणारच, हा दुसरा समज अधिक महागात पडतो. वस्तुतः बुरशीला वाहते पाणी लागत नाही. पृष्ठभागाला लगटून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाचे प्रमाण) बराच काळ सुमारे 80 टक्क्यांच्या वर राहिली, तर रंगातील, धुळीतील आणि प्लायवुडमधील सेंद्रिय द्रव्यांवर ती वाढू लागते. येथे खोलीतली आर्द्रता आणि भिंतीलगतची आर्द्रता यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा.

मुंबईतील किंवा कोकणातील जुलै महिन्याचे उदाहरण घेऊ. 28 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 27 ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता 80 टक्के असेल, तर त्या हवेत जवळपास 22 ग्रॅम बाष्प असते. आता शेजारच्या शयनगृहात रात्रभर एसी चालू असल्यामुळे सामाईक भिंतीची अलीकडची बाजू 25 अंशांपर्यंत थंड झाली, असे समजा. त्या तापमानाला हवेत साधारण 23 ग्रॅमच बाष्प मावते. बाष्प तेवढेच राहिले, पण भिंतीलगतची आर्द्रता 95 टक्क्यांवर पोहोचली. भिंत आणखी एक अंश थंड झाली, तर दवबिंदू, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, गाठला जातो आणि गिलावा ओलसर होऊ लागतो. म्हणजे एसी एका खोलीत असतो आणि बुरशी दुसऱ्या खोलीत वाढते. त्या भिंतीला कपाट टेकवलेले असेल, तर खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोहोचत नाही, वारा खेळत नाही आणि दिवसाही भिंत पुरती सुकत नाही.

त्यामुळे शोध अशा भिंतीपासूनच सुरू करावा. कपाट पुढे ओढून, टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरून पाहिल्यास बुरशीचा मखमली थर उठून दिसतो. पांढरा थर दिसला, तर त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो विरघळला, तर ती बुरशी नसून गिलाव्यातून वर आलेला क्षार असतो. एसीच्या खोलीत विनाइलचा वॉलपेपर असेल, तर त्याच्या मागेही पाहावे, कारण बाहेरून भिंतीत शिरणारे बाष्प तेथेच अडते. कुबट वासाची नाकाला लवकर सवय होते, म्हणून घर काही दिवस बंद राहिल्यानंतर दार उघडताक्षणी येणारा वास अधिक विश्वसनीय असतो.

अशा कोपऱ्याला वास्तुदोष ठरवून ‘नकारात्मक ऊर्जा’ शोषण्यासाठी तेथे मिठाची वाटी ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो निराधार आहे. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांपुढे गेली की मीठ बाष्प शोषून पाझरू लागते. त्यात ऊर्जेचा काही संबंध नाही आणि वाटीभर मिठाने खोली कोरडीही होत नाही.

सापडलेली बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये, कारण बीजाणू घरभर उडतात. पंखा बंद करून, मास्क लावून ती साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी, भिंत सुकवावी आणि कपाट भिंतीपासून चार बोटे तरी दूर ठेवावे.