लख्दार ब्राहिमी : वाटाघाटीत कोणाला बसवायचे, या प्रश्नाचा इतिहास

जानेवारी २०१४ मध्ये सीरियाचे सरकार आणि त्याचे विरोधक जिनिव्हात एका खोलीत आले, तेव्हा समोरासमोर बसूनही ते एकमेकांशी बोलत नव्हते. दोन्ही बाजू आपले म्हणणे मध्यस्थ लख्दार ब्राहिमी यांना उद्देशून मांडत होत्या. ऐंशी वर्षांच्या या अल्जीरियन मुत्सद्द्याला ही अबोल्याची बैठक अनोळखी नसावी, कारण त्यांच्या कारकिर्दीची सुरुवातच ‘यांच्याशी बोलणार नाही’ असे ज्यांच्याबद्दल म्हटले जाई त्यांच्या बाजूने झाली होती.

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियात पाय रोवले आणि १८४८ मध्ये तो प्रदेश वसाहत नव्हे, तर फ्रान्सचाच भाग असल्याचे जाहीर केले. म्हणूनच १ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने सशस्त्र उठाव केला, तेव्हा पॅरिसच्या लेखी तो केवळ अंतर्गत कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होता. डोंगरात फ्रेंच सैन्याचा पराभव करणे आघाडीच्या आवाक्याबाहेरचे होते. तिची खरी चाल हा प्रश्न जगाच्या चावडीवर नेण्याची होती. एप्रिल १९५५ मध्ये आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग (इंडोनेशिया) परिषदेत तिचे प्रतिनिधी निरीक्षक म्हणून हजर राहिले आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अल्जीरियाचा विषय कार्यसूचीवर घेतला, तेव्हा फ्रान्सने सभात्याग केला. तो सभात्याग हाच आघाडीचा पहिला राजनैतिक विजय म्हणायला हवा.

१९३४ मध्ये जन्मलेले ब्राहिमी १९५६ मध्ये आघाडीचे प्रतिनिधी म्हणून जकार्ताला गेले आणि १९६१ पर्यंत तिथेच राहिले. ते ज्या देशाची बाजू मांडत होते, तो अजून नकाशावर नव्हता. मार्च १९६२ मध्ये एव्हियाँ येथे फ्रान्सला अखेर याच आघाडीबरोबर करार करावा लागला आणि जुलैत अल्जीरिया स्वतंत्र झाला.

पुढे कैरो आणि लंडन येथे राजदूत राहिलेल्या ब्राहिमींची मध्यस्थ म्हणून पहिली मोठी कसोटी लेबनॉनमध्ये लागली. तिथली यादवी १९७५ पासून सुरू होती. ऑक्टोबर १९८९ मध्ये अरब लीगचे दूत या नात्याने त्यांनी घडवून आणण्यास हातभार लावलेल्या ताइफ कराराचा गाभा चक्क अंकगणिताचा होता : संसदेत ख्रिस्ती आणि मुस्लिम सदस्यांचे सहास पाच हे जुने प्रमाण मोडून दोघांना समान जागा देण्यात आल्या. लेबनॉनचे लष्करी नेते जनरल मिशेल औन यांनी करार धुडकावला आणि वर्षभराने सीरियन सैन्याने त्यांना हटवले. म्हणजे ही शांतताही निव्वळ सह्यांवर आली नव्हती.

त्यानंतर संयुक्त राष्ट्रांसाठी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील १९९४ च्या निवडणुकीचे निरीक्षण केले, हैतीतील मोहीम सांभाळली आणि २००० मध्ये शांतिसेनेच्या कारभारावरचा अहवाल दिला. रवांडा आणि बोस्नियातील स्रेब्रेनिका येथील हत्याकांडे शांतिसेनेला रोखता आली नाहीत, त्या नामुष्कीनंतर आलेल्या या अहवालाने सचिवालयाला बजावले की, सुरक्षा परिषदेला ऐकायला आवडेल ते न सांगता, तिला जे कळायलाच हवे ते सांगावे.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वादग्रस्त निर्णय मात्र २००१ चा आहे. नोव्हेंबरअखेर बॉनजवळच्या पीटर्सबर्ग येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली अफगाणिस्तानचे चार गट जमले आणि ५ डिसेंबरला हमीद करझाई यांच्या हंगामी सरकारवर सहमती झाली. नुकतेच सत्तेवरून हुसकावलेले तालिबान तिथे नव्हते, आणि त्या क्षणी त्यांना बोलावणे अमेरिकेला किंवा तालिबानविरोधी अफगाण गटांच्या ‘उत्तर आघाडी’ला रुचणेही अशक्य होते. तरीही तालिबानला बाहेर ठेवणे ही आपली मोठी चूक होती, असे ब्राहिमींनी पुढे जाहीरपणे मान्य केले.

सीरियाच्या वाटाघाटी दोन फेऱ्यांतच अडकल्या. सीरियन जनतेची माफी मागून ब्राहिमी मे २०१४ मध्ये त्या जबाबदारीतून बाहेर पडले. सहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, अमेरिकेने दोहा येथे तालिबानशी करार केला. त्या वेळी वाटाघाटीबाहेर होते ते काबूलचे सरकार.