दगडावर विश्वास, लेखणीवर अविश्वास : जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनावरील टीकेची पार्श्वभूमी

अजिंठ्याची लेणी आपण आजही ज्या क्रमांकांनी ओळखतो, ते क्रमांक जेम्स फर्ग्युसन यांनी घालून दिलेले आहेत. ते काळानुसार नाहीत. रस्त्यावरच्या घरांना द्यावेत तसे ते वाघूर नदीच्या वळणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने दिले आहेत, आणि म्हणूनच सर्वांत जुन्या लेण्यांपैकी दहावे लेणे असे मध्येच येते. पुढे विसाव्या शतकात ढिगाऱ्याखालून आणखी एक लहानसे लेणे निघाले, तेव्हा त्यालाही जुन्या ओळीतच जागा करून ‘१५ अ’ म्हणावे लागले. पुण्याचे कॉलेज ज्यांच्या नावाने उभे आहे ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन वेगळे. दोघे समकालीन आणि दोघेही स्कॉटिश असल्याने मराठी वाचकांचा नेहमी घोटाळा होतो, म्हणून हे आरंभीच सांगितलेले बरे.

वास्तुकलेचे इतिहासकार फर्ग्युसन यांचा जन्म १८०८ साली स्कॉटलंडमधील एअर या गावी झाला. ते भारतात आले ते व्यापारासाठी. कलकत्त्याच्या पेढीत आणि बंगालमधील निळीच्या धंद्यात पैसा मिळवल्यावर त्यांनी १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर प्रवास केला, देवळे, मशिदी व लेणी पाहिली, जागेवर बसून त्यांची रेखाटने केली. अजिंठा त्यांनी १८३९ मध्ये पाहिला. १८४३ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत त्यांनी भारतातील कोरीव लेण्यांवर निबंध वाचला, आणि त्या निबंधाचा परिणाम असा झाला की ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये नेमणूक केली. गिल यांनी वर्षानुवर्षे केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या, ही हानी आजही मनाला लागते.

इंग्लंडमध्ये फर्ग्युसन यांना मान मिळाला तो जगाच्या वास्तुकलेचा एकत्रित इतिहास लिहिल्याबद्दल. १८५५ मध्ये त्यांचा सचित्र हस्तग्रंथ निघाला, त्याचाच विस्तार पुढे अनेक खंडांत झाला, आणि १८७६ मध्ये भारतीय व पौर्वात्य वास्तुकलेवरचा स्वतंत्र खंड आला. ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटने १८७१ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. त्या काळी ग्रीस, रोम आणि गॉथिक चर्चे यांपलीकडे वास्तुकला आहे हे मानण्याचीही अनेक युरोपीय अभ्यासकांची तयारी नव्हती. अशा वेळी अथेन्सचे पार्थेनॉन आणि कर्नाटकातील हळेबिडचे देऊळ यांना वास्तुकलेची दोन टोके म्हणून एकाच तराजूत ठेवणे हे धाडसच होते. भारतात वास्तुकला अजून जिवंत आहे, इथला कारागीर परंपरेने शिकतो आणि विचार करून बांधतो, हेही ते आवर्जून लिहीत. त्यांच्यावरील टीकेचा इतिहास वाचताना हे विसरून चालणार नाही.

त्यांच्या पद्धतीचे बळ आणि तिची उणीव, दोन्ही एकाच ठिकाणी पाहायची असतील तर कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, उभे राहून वर पाहावे. छताच्या कमानदार पोटाला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. अखंड खडकात कोरलेल्या छताला त्यांचा काडीइतका आधार नाही, कारण ते छत पडण्याजोगे मुळीच नाही. भाज्याच्या चैत्यगृहातले अष्टकोनी खांब आत कललेले आहेत. छताचा भार बाहेरच्या बाजूला लोटला जात असेल तर लाकडी बांधकामात खांब असे कलवावे लागतात, दगडात कोरताना त्याची गरज नसते. या खुणांवरून फर्ग्युसन यांनी ओळखले की लेणी कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारती होत्या, आणि हे निरीक्षण आजही कोणी नाकारत नाही. पण त्यावरून ते एक पाऊल पुढे गेले. अशोकापूर्वी भारतात दगडी वास्तुकला नव्हती आणि दगडात बांधण्याची प्रेरणा ग्रीकांच्या संपर्कातून आली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वाद पेटला तो या निष्कर्षावरून.

या वादात पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे नाव राजेंद्रलाल मित्र यांचे. संस्कृतचे पंडित, बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे जुने कार्यकर्ते आणि १८८५ मध्ये तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झालेले मित्र यांनी ओरिसाच्या पुरावशेषांवर १८७५ व १८८० मध्ये दोन खंड आणि बोधगयेवर १८७८ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लाकडाची नक्कल दिसते म्हणून दगडी काम नव्हतेच असे म्हणता येत नाही, जुने अवशेष सापडले नाहीत याचा अर्थ ते नव्हते असा होत नाही, आणि संस्कृत वाङ्मयातील बांधकामाचे उल्लेख बाजूला सारून इतिहास लिहिता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांचे काही तपशील पुढे टिकले नाहीत. मुख्य मुद्दा मात्र टिकला. राजगीरची ओबडधोबड प्रचंड दगडांची तटबंदी मौर्यपूर्व मानली जाते, आणि १९९० पासून उत्खनन झालेल्या कच्छमधील धोलावीरा येथे तर त्याहून सुमारे दोन हजार वर्षे आधीचे घडीव दगडाचे काम उजेडात आले.

फर्ग्युसन यांनी मित्रांना उत्तर दिले ते १८८४ साली, एक सबंध पुस्तिका लिहून. तिच्या शीर्षकातच राजेंद्रलाल मित्रांचे नाव ‘बाबू’ या उपाधीसह घातलेले होते. आदल्याच वर्षी इल्बर्ट विधेयकावरून, म्हणजे मुफस्सलातील (मोठ्या शहरांबाहेरच्या भागातील) भारतीय न्यायाधीशांना युरोपियनांवरील खटले चालवू द्यावेत की नाही यावरून, गोऱ्या समाजात मोठा गदारोळ उठला होता. फर्ग्युसन यांनी पुरातत्त्वाचा वाद थेट त्या प्रश्नाशी नेऊन भिडवला. असा भारतीय विद्वान युरोपीय अभ्यासकाच्या कामाचा निवाडा करण्यास पात्र आहे काय, असे वळण त्यांनी चर्चेला दिले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या लेखनातली ही सर्वांत दुबळी आणि सर्वांत खेदकारक पाने आहेत. भारतीय शिल्पकाराची छिन्नी विश्वासार्ह, भारतीय ग्रंथकाराची लेखणी मात्र नव्हे, ही त्यांची मूळ धारणा इथे अगदी उघडी पडते. पाथरवटाच्या हाताचे तोंड भरून कौतुक करणारा हा माणूस त्याच देशातल्या अभ्यासकाला बरोबरीने बसू देत नव्हता.

याच धारणेतून त्यांच्या इतिहासातली आणखी दोन गृहीतके आली. एक असे की भारतीय शिल्पाचा प्रवास उताराचा आहे : सांची आणि भारहूत येथे तो उंचीवर होता आणि पुढे घसरत गेला. दुसरे असे की शैली वंशाबरोबर जातात, त्यामुळे आर्य, द्रविड, तुराणी अशी माणसांची विभागणी करून इमारतींवर तीच लावता येते. येथे त्यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पुराव्याबाहेर जाऊन ठाम विधाने करण्याची सवय त्यांनी केवळ भारतापुरती राखून ठेवलेली नव्हती. इंग्लंडमधील स्टोनहेंजसारखी महापाषाणी स्मारके रोमन काळानंतरची आहेत, असे त्यांनी १८७२ मध्ये मांडले, आणि जेरुसलेमचा सोनेरी घुमट हे मुळात सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधलेले चर्च होय, असाही त्यांचा आग्रह होता. दोन्ही मते विद्वानांनी फेटाळली.

महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाचा धागा आहे तो शिलालेखांचा. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन प्रसिद्ध केले, त्यात वाकाटक राजांची वंशावळ सांगणारा सोळाव्या लेण्यातील लेखही होता. फर्ग्युसन मात्र शैलीवरून काळ ठरवण्यावर भर देत राहिले. १८७९ मध्ये त्यांनी पहिल्या लेण्यातील एका दरबारी चित्राची ओळख सांगितली : इराणचा सम्राट दुसरा खुस्रू याचे वकील चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारात आले आहेत, असा तो प्रसंग. अरबी भाषेत लिहिणाऱ्या तबरी या इतिहासकाराने या दोन राजांमधील संपर्काची नोंद केली असल्याने हा तर्क आकर्षक वाटला आणि ‘पुलकेशीचा दरबार’ हे नाव त्या चित्राला पुढे अनेक दशके चिकटून राहिले. तो खरा मानला तर लेणे सातव्या शतकातले ठरते. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी सोळाव्या लेण्याचा लेख नव्याने तपासून वाकाटक नृपती हरिषेण आणि त्याचा सचिव वराहदेव यांचा काळ पक्का करण्याचे काम केले, आणि त्या पायावर अमेरिकन संशोधक वॉल्टर स्पिंक यांनी महायानकालीन (बौद्ध धर्माच्या नंतरच्या पंथाच्या काळातील) लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील थोड्या वर्षांत कोरली गेली असा सिद्धान्त मांडला. स्पिंक यांच्या कालक्रमातील बारीकसारीक वर्षांवर मतभेद आहेत, तरी सातवे शतक मागे पडले. ते दरबारी चित्र आता महासुदस्सन जातकातले, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या एका कथेतले, मानले जाते. छिन्नीने दिलेला काळ इथे लेखणीने बदलला.

धर्मानुसार बौद्ध, जैन, हिंदू अशा शैली पाडण्याच्या फर्ग्युसन यांच्या पद्धतीला पहिला जाणता छेद दिला तो मुंबईत पूर्वी प्राध्यापक असलेल्या गेओर्ग ब्यूलर यांनी. मथुरेच्या जैन अवशेषांवर लिहिताना त्यांनी १८९० च्या दशकात दाखवले की प्रत्येक पंथ आपल्या काळाची व प्रदेशाची कला वापरतो, पंथाची अशी वेगळी कला नसते. कलेचे अभ्यासक ई. बी. हॅवेल यांनी १९१३ मध्ये हल्ला चढवला तो मुस्लिम राजवटीतील इमारतींना परक्या ठरवणाऱ्या मांडणीवर. त्यांच्या उत्साहात अतिशयोक्ती बरीच आहे. तरीही फर्ग्युसन यांचा ग्रंथ मागे पडला नाही. १९१० मध्ये जेम्स बर्जेस आणि फेने स्पायर्स यांनी तो सुधारून दोन खंडांत काढला होता, आणि पर्सी ब्राऊन यांच्या १९४२ च्या ग्रंथातही बौद्ध-हिंदू काळ आणि इस्लामी काळ हीच विभागणी कायम राहिली.

नंतरच्या टीकेचा सूर वेगळा आहे. पार्थ मित्तर यांनी १९७७ मध्ये युरोपियनांनी भारतीय कलेकडे कसे पाहिले याचा इतिहास लिहिताना फर्ग्युसन यांच्या वंशसिद्धान्ताची आणि ऱ्हासाच्या कल्पनेची मुळे युरोपीय विचारात शोधली. तपती गुहा-ठाकुरता यांनी २००४ मध्ये फर्ग्युसन आणि राजेंद्रलाल मित्र यांना समोरासमोर ठेवून, ज्ञानाचा अधिकार कोणाचा हा प्रश्न त्या वादात कसा गुंतला होता ते उलगडले. यात फर्ग्युसन यांची चूक काढण्यापेक्षा त्यांना तसे का दिसले हे समजून घेण्यावर भर आहे, आणि मला तो अधिक फलदायी वाटतो.

देवळांच्या अभ्यासात खरा बदल झाला तो शब्दांमुळे. मधुसूदन ढाकी आणि मायकेल माइस्टर यांच्या संपादनाखाली १९८३ पासून निघू लागलेल्या भारतीय मंदिर-वास्तुकलेच्या कोशात अधिष्ठान (जोते), जंघा (भिंतीचा भाग), शिखर, तसेच नागर व द्राविड (उत्तरेकडील व दक्षिणेकडील शैली) अशी शिल्पशास्त्रांतली परिभाषा वर्णनासाठी वापरली गेली. ही वाट फर्ग्युसन यांच्याही आधी दक्षिणेतील राम राझ यांनी धरली होती. शिल्पशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांवरून आणि प्रत्यक्ष स्थपतींकडून समजून घेऊन त्यांनी लिहिलेला निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीने १८३४ मध्येच, त्यांच्या मृत्यूनंतर, छापला होता. फर्ग्युसन अजिंठ्याला पोहोचले त्याच्या पाच वर्षे आधी.