थॅलेसेमियाच्या मुलाला लोहाचं टॉनिक? नकोच!

मूल फिकट दिसलं की शेजारच्या काकू सांगणारच: बीट द्या, खजूर द्या, टॉनिक सुरू करा. थॅलेसेमिया मेजरमध्ये, म्हणजे वरचेवर रक्त चढवावं लागतं अशा तीव्र प्रकारात, हा सल्ला उलटा पडतो. इथे रक्त कमी होतं ते जनुकातल्या दोषामुळे, लोह कमी पडल्यामुळे नव्हे. उलट चढवलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह आत जातं. शरीर रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं साचतं यकृतात, हृदयात. ते काढायला पूर्वी कातडीखाली सुई टोचून रात्रभर पंप लावावा लागे. मुलं वैतागायची, नवल काय! चाचण्यांनंतर २००५ मध्ये अमेरिकेत डेफेरासिरॉक्सला मान्यता मिळाली: पाण्यात कालवून रोज एकदा घ्यायची गोळी. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे सौम्य प्रकार असेल, तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) कमी आलं तरच लोह द्यायचं.