प्रतिरक्षा स्मृती

एखाद्या रोगजंतूशी एकदा गाठ पडल्यानंतर तोच जंतू पुन्हा शरीरात शिरला, तर त्याला अधिक लवकर आणि अधिक जोमाने विरोध करण्याची जी क्षमता रोगप्रतिकार यंत्रणेत निर्माण होते, तिला प्रतिरक्षा स्मृती म्हणतात. ही स्मृती मेंदूत नसते. रक्त, अस्थिमज्जा, प्लीहा आणि लसीका ग्रंथी यांतील ठरावीक पांढऱ्या पेशींमध्ये ती साठवलेली असते. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही हा घरोघरीचा अनुभव आणि लसीकरणाचे सारे शास्त्र, ही दोन्ही याच एका गुणधर्मावर उभी आहेत.

या गोष्टीची जाण फार जुनी आहे. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये पसरलेल्या साथीचे वर्णन करताना थ्युसिडिडीझ या इतिहासकाराने नोंदवले आहे की, त्या रोगातून वाचलेली माणसे आजाऱ्यांची शुश्रूषा निर्धास्तपणे करीत, कारण तो रोग त्यांना दुसऱ्यांदा झाला तरी जिवावर बेतत नसे. मात्र ही स्मृती किती काळ टिकते याचा भक्कम पुरावा मिळण्यासाठी १८४६ साल उजाडावे लागले. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर त्या वर्षी कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर गोवर पोहोचला आणि सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी जवळजवळ ६,००० माणसे काही महिन्यांत आजारी पडली. डॅनिश सरकारने तेथे पाठवलेल्या पेटर लुडविग पानुम या तरुण डॉक्टरने गावोगाव फिरून चौकशी केली, तेव्हा त्याला आढळले की बेटांवर यापूर्वीची साथ १७८१ मध्ये आली होती आणि त्या साथीत लहानपणी गोवर होऊन गेलेल्या हयात वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. अशा ९८ वृद्धांना तो स्वतः भेटला. बालपणी त्या साथीतून सुटलेले त्यांच्याच वयाचे वृद्ध मात्र या खेपेस आजारी पडले होते. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर आलाच नव्हता, म्हणजे विषाणूशी पुन्हा संपर्क न येताही स्मृती शाबूत राहिली होती. एखादा प्रयोग मुद्दाम आखला असता तरी इतका स्वच्छ निष्कर्ष क्वचितच हाती लागला असता.

त्वचा, श्लेष्मल आवरणे, जठरातील आम्ल आणि दिसेल तो जंतू गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी हा शरीराच्या संरक्षणाचा पहिला टप्पा होय. तो काही मिनिटांत ते तासांत कामाला लागतो. परंतु समोरचा जंतू नेमका कोणता याची तो बारकाईने निवड करीत नाही. निवड होते ती दुसऱ्या टप्प्यात. जखमेच्या किंवा संसर्गाच्या जागी असलेल्या डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे उचलून जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात आणि तेथील टी पेशी या पांढऱ्या पेशींसमोर मांडतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत दुखरे अवधाण येते, ते याच कामामुळे. त्या ग्रंथीत पेशींची गर्दी आणि झपाट्याने वाढ चालू असते. शरीरातील कोट्यवधी टी पेशी आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी यांपैकी प्रत्येकीच्या पृष्ठभागावर जंतूचा अंश ओळखणारा, वेगळ्या घडणीचा ग्राही रेणू असतो, आणि तो जंतूला भेटण्याआधीच जनुकांच्या तुकड्यांची उलटसुलट जुळणी होऊन तयार झालेला असतो. ही जुळणी सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवून दिली व त्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आलेल्या जंतूवरील प्रतिजनाशी, म्हणजे यंत्रणेला ओळखता येणाऱ्या त्याच्या अंशाशी, ज्या मोजक्या पेशींचा ग्राही जुळतो, त्याच पेशी विभाजित होऊन संख्येने वाढतात, हा सिद्धांत फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडला होता.

यानंतर ग्रंथीत जे घडते ते या विषयातील सर्वांत विलक्षण प्रकरण आहे. निवडल्या गेलेल्या बी पेशींचे दाट पुंजके तयार होतात आणि विभाजन होत असताना त्यांच्या प्रतिपिंडांच्या (जंतूला चिकटून त्याला निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनांच्या) जनुकांत नेहमीपेक्षा सुमारे दहा लाख पट वेगाने उत्परिवर्तने होऊ लागतात. बहुतेक बदल निरुपयोगी ठरतात आणि त्या पेशी मरतात. ज्यांची प्रतिजनावरील पकड आधीपेक्षा घट्ट झाली त्यांना टी पेशींकडून जगण्याचा संकेत मिळतो आणि त्या पुन्हा विभाजित होतात. काही आठवड्यांत ही निवड अनेकदा होते. त्यातून दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात. काही प्लाझ्मा पेशी बनून अस्थिमज्जेत जाऊन स्थिरावतात आणि जंतू नसतानाही सेकंदाला हजारोंच्या गतीने प्रतिपिंडे तयार करीत वर्षानुवर्षे जगतात. उरलेल्या स्मृती पेशी म्हणून शांत राहतात व तोच जंतू परत आला की लगेच विभाजित होऊ लागतात. पहिल्या भेटीत पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. दुसऱ्या भेटीत हेच काम थोड्या दिवसांत होते, आणि तयार होणारी प्रतिपिंडेही अधिक घट्ट पकडणारी असतात. टी पेशींचीही अशीच स्मृती असते आणि विषाणूने ग्रासलेल्या पेशी नष्ट करण्यात तिचा मोठा वाटा असतो.

रक्तातील एका प्रतिपिंडाचे आयुष्य थोडे असते, निम्मा साठा साधारण तीन आठवड्यांत संपतो. म्हणून दीर्घकाळ टिकणारे संरक्षण म्हणजे अस्थिमज्जेतील पेशींचे अखंड उत्पादन होय. हे उत्पादन सर्व रोगांच्या बाबतीत सारखे चालत नाही. गोवराविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी माणसाच्या आयुष्यभरात फारशी उतरत नाही, तर धनुर्वाताविरुद्धची पातळी सुमारे ११ वर्षांत निम्मी होते, आणि म्हणून धनुर्वाताची लस ठरावीक काळाने पुन्हा घ्यावी लागते. धनुर्वाताचे विष इतके तीव्र असते की, जिवाला धोका करणारी मात्रासुद्धा प्रतिरक्षा यंत्रणेला जागी करण्यास अपुरी पडते. परिणामी हा रोग होऊन गेलेल्या माणसालाही नंतर लस द्यावीच लागते. इन्फ्लुएंझात स्मृती टिकते, पण विषाणूच आपली बाह्य घडण बदलत राहतो. कांजिण्यांचा विषाणू बरे झाल्यावरही चेतापेशींमध्ये दडून राहतो आणि उतारवयात टी पेशींची स्मृती क्षीण झाली की नागिणीच्या रूपाने उठतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार असून एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला अडवण्याऐवजी त्याला पेशीत शिरण्यास मदत करू शकतात, त्यामुळे दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू पहिल्यापेक्षा गंभीर होण्याचा धोका असतो. स्मृती नेहमीच हिताची ठरते असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

रोग न होऊ देता त्याची स्मृती निर्माण करणे हे लसीचे काम. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीतील द्रव टोचून माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळवले, कारण दोन्ही विषाणूंमधील प्रतिजने पुरेशी सारखी आहेत. भारतात ही लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढे पावणेदोनशे वर्षांनी देवीचा रोग जगातून नाहीसा झाला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले.

नवजात बाळाकडे स्वतःची अशी स्मृती नसते. गर्भावस्थेत वारेतून आलेली आईची प्रतिपिंडे पहिले काही महिने त्याचे रक्षण करतात. हीच प्रतिपिंडे लसीतील दुबळ्या केलेल्या विषाणूलाही निष्प्रभ करतात आणि बाळाची स्वतःची स्मृती तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे गोवराची लस फार लवकर देऊन उपयोग नसतो आणि फार उशीर केला तर बाळ उघडे पडते. भारतात पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. या वयात साधारण ८५ टक्के बालकांना संरक्षण मिळते. उरलेल्यांसाठी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानची दुसरी मात्रा अत्यावश्यक आहे आणि ती चुकवणे धोक्याचे आहे.

गोवर आयुष्यभराची स्मृती देतो, पण त्याच वेळी इतर रोगांची स्मृती पुसून टाकतो. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ मध्ये पाहिले की, क्षयाच्या जंतूंना त्वचा चाचणीत स्पष्ट प्रतिसाद देणाऱ्या मुलांचा तो प्रतिसाद गोवर आल्यावर काही काळ नाहीसा होतो. गोवराचा विषाणू ज्या रेणूला धरून पेशीत शिरतो तो स्मृती पेशींवर मोठ्या प्रमाणात असतो, त्यामुळे नेमक्या त्याच पेशी मारल्या जातात. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासणी करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची ११ ते ७३ टक्के निरनिराळी प्रतिपिंडे नष्ट झाल्याचे आढळले. लस घेतलेल्या मुलांत असा ऱ्हास दिसला नाही. गोवरातून उठलेले मूल पुढे दीर्घकाळ न्यूमोनिया आणि जुलाबांना बळी पडते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. गमावलेली स्मृती त्याला त्या त्या जंतूंशी नव्याने सामना करूनच परत मिळवावी लागते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ पसरली, तेव्हा नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना नियमित वेळापत्रकाव्यतिरिक्त एक जादा मात्रा, आणि जेथे नऊ महिन्यांखालील बाळांत लागण अधिक होती तेथे सहा महिन्यांपासूनच एक मात्रा देण्याचे धोरण स्वीकारले गेले. ही लवकरची मात्रा नियमित दोन मात्रांमध्ये धरली जात नाही.