अ‍ॅटकिन, जेम्स रिचर्ड

अ‍ॅटकिन, जेम्स रिचर्ड : (२८ नोव्हेंबर १८६७ – २५ जून १९४४). ब्रिटिश बॅरिस्टर आणि हाऊस ऑफ लॉर्ड्सचे (ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय) न्यायाधीश. कायद्यातल्या शब्दाचा साधा अर्थ कुणासाठी वाकवायचा नाही, ही त्यांची निष्ठा होती. भारतीय कायद्यावरही तिचा ठसा आहे.

जन्म ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचा. वडील क्वीन्सलँडच्या विधिमंडळाचे सदस्य होते. ते लवकर वारले. मुले वेल्समध्ये, आईच्या माहेरी वाढली. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात शिकून अ‍ॅटकिन १८९१ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. (पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बॅरिस्टरची सनद घेतली तीही याच ग्रेज इनमधून.) इंग्लंडच्या पद्धतीप्रमाणे अशील आधी सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर बॅरिस्टरला काम देई. त्यामुळे ओळखीपाळखी नसलेल्या नवख्याला काम मिळणे कठीण होते आणि अ‍ॅटकिन यांचीही सुरुवातीची वर्षे तशीच गेली. टॉमस स्क्रटन यांच्या हाताखालची उमेदवारी मात्र कामी आली. व्यापारी दाव्यांत त्यांचा जम बसला. १९०६ मध्ये ते किंग्ज काउन्सेल (ज्येष्ठ बॅरिस्टरांना मिळणारा दर्जा), १९१३ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १९१९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलमध्ये नेमणूक झाल्यावर ते आपल्याच गुरूंच्या, म्हणजे स्क्रटन यांच्या शेजारी बसून न्यायदान करू लागले. १९२८ पासून अखेरपर्यंत ते हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये होते.

त्यांचे नाव जगभर झाले ते एका बाटलीमुळे. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधील पेझली गावच्या एका कॅफेत मे डॉनह्यू या बाईंसाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली गेली. बाटली गडद काचेची, आतले काही दिसत नव्हते. थोडे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ग्लासात ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, आणि आपण आजारी पडलो, अशी बाईंची तक्रार होती. पैसे बरोबरच्या व्यक्तीने दिले होते, म्हणजे बाईंचा कॅफेवाल्याशीसुद्धा करार नव्हता, मग पेय बनवणाऱ्या स्टीव्हनसनशी कुठून असणार? करार नाही तर दाद नाही, अशीच तोवरची सर्वसाधारण समजूत होती.

२६ मे १९३२ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल बाईंच्या बाजूने लागला. अ‍ॅटकिन यांनी बायबलमधला प्रश्न पुढे ठेवला : माझा शेजारी कोण? आपल्या कृतीची झळ ज्याला इतकी जवळून लागेल की ती कृती करताना त्याचा विचार मनात यायलाच हवा, तो कायद्याने आपला शेजारी, असे उत्तर त्यांनी दिले. आपल्याकडे ज्याला शेजारधर्म म्हणतात तो अशा रीतीने न्यायालयात मागता येण्याजोगा हक्क झाला. निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागण्याचा आजचा कायदा याच पायावर उभा आहे. पुढे दाव्यात तडजोड झाली, त्यामुळे बाटलीत खरोखर गोगलगाय होती का, हे कधी सिद्धच झाले नाही.

हिंदुस्थानातली शेवटची अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात आणि तिथेही अ‍ॅटकिन बसत. १९३७ मध्ये पुरी स्थानकावर आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एक पत्र्याची ट्रंक सापडली. आत माणसाचे तुकडे केलेले प्रेत होते. त्यावरून उभ्या राहिलेल्या पकाला नारायण स्वामी खटल्यात (१९३९) त्यांनी निकालपत्र लिहिले. तपासात पोलिसांना कोणत्याही व्यक्तीने दिलेला जबाब वापरता येणार नाही, असे कायदा म्हणत होता. ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे पुढे आरोपी झालेली व्यक्तीसुद्धा, असे त्यांनी ठरवले. इतर पुरावा पुरेसा असल्याने अपील फेटाळले गेले, पण ते तत्त्व टिकले. मृताने आधी केलेले विधान पुरावा म्हणून चालेल का, हाही प्रश्न त्यात होता, म्हणून मृत्युपूर्व जबाब शिकताना कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला वाचतात.

सर्वांत मोठी कसोटी उतारवयात आली. युद्धकाळात गृहमंत्री सर जॉन अँडरसन (पूर्वी बंगालचे गव्हर्नर) यांनी रॉबर्ट लिव्हरसिज यांना स्थानबद्ध केले आणि लिव्हरसिज न्यायालयात गेले. नियमात ‘वाजवी कारण असेल तर’ असे शब्द होते. मंत्र्यांना तसे प्रामाणिकपणे वाटले की पुरे, असे चार न्यायाधीशांनी ३ नोव्हेंबर १९४१ रोजी म्हटले. अ‍ॅटकिन एकटे पडले. एखाद्याचा घोटा मोडला असेल तर, याचा अर्थ घोटा मोडला आहे असे त्याला वाटत असेल तर, असा होत नाही, असे त्यांनी लिहिले. शस्त्रांच्या खणखणाटातही या देशात कायदा मुका होत नाही, हे त्यांचे वाक्य त्याच निकालपत्रातले. सरकारपेक्षाही सरकारधार्जिणे झाल्याचा ठपका त्यांनी सहकाऱ्यांच्या भूमिकेवर ठेवला, आणि शब्दाला मी म्हणेन तोच अर्थ असे बजावणाऱ्या, लुईस कॅरल यांच्या गोष्टीतल्या हम्प्टी डम्प्टीचा दाखला दिला. तेवढा दाखला वगळा, अशी विनंती खुद्द लॉर्ड चान्सेलर (न्यायव्यवस्थेचे प्रमुख) सायमन यांनी केली. अ‍ॅटकिन यांनी ती मानली नाही. लंडनवर बॉम्ब पडून गेलेल्या त्या दिवसांत हे लिहायला किती धैर्य लागले असेल! तीन वर्षांनी ते वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे निधन पावले.

१९७९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सचे न्यायाधीश लॉर्ड डिप्लॉक यांनी लिव्हरसिज खटल्यातले बहुमत चुकीचे होते, अशी कबुली दिली. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात स्थानबद्धांना दाद नाकारली, तेव्हाच्या निकालपत्रांत लिव्हरसिजचा ऊहापोह आहे. तिथेही चार विरुद्ध एकच मत होते. ते एक मत न्या. हंसराज खन्ना यांचे. बहुमतात पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल २०१७ मध्ये रद्द झाला, आणि तसे लिहिणाऱ्या निकालपत्राखाली सही होती यशवंतरावांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांची.