नाकाच्या ऑपरेशननंतर बोळे घालायलाच हवेत का?

नाकाचा वाकडा पडदा सरळ करून घेतलेल्या माणसाला विचारा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? ऑपरेशन भूल देऊन झालेलं असतं, ते त्याला आठवतही नाही. आठवतात ते बोळे. दोन्ही नाकपुड्या ठासून भरलेल्या, रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घशाला पडलेली कोरड, आणि ते ओढून काढतानाची कळ. पडद्याच्या साध्या ऑपरेशनमध्ये बहुतेकांना हे सोसण्याची गरज नसते, असं आता खात्रीने म्हणता येतं.

बोळे घालायची पद्धत पडली ती मात्र उगाच नव्हे. नाकाच्या पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक, असतो आणि मागचा हाडाचा. दोन्ही बाजूंनी त्यावर ओलसर अस्तर घट्ट चिकटलेलं असतं. सर्जन हे अस्तर सोडवून बाजूला करतो, वाकडा भाग काढतो किंवा सरळ करतो आणि अस्तर पुन्हा जागेवर बसवतो. प्रश्न इथेच येतो. अस्तर आणि पडदा यांच्यामध्ये आता पोकळी राहते आणि तिच्यात रक्त साचू शकतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, अस्तराकडून झिरपेल त्यावर ती जगते. मध्ये रक्त साचलं की तिचा पुरवठा तुटतो, वर जंतुसंसर्ग झाला तर काही दिवसांतच ती झिजू लागते आणि नाकाचा दांडा मधोमध खचतो. ओटो फ्रीअर यांनी 1902 मध्ये आणि गुस्ताव किलियान यांनी 1904 मध्ये अस्तर राखून पडद्याचं ऑपरेशन करण्याची रीत मांडली, तेव्हा नाकात आतवर पाहायला आजच्यासारखी दुर्बीण नव्हती. दोन्ही बाजूंनी दाब देऊन अस्तर चिकटवून ठेवणं हा तेव्हा समंजस उपाय होता.

तेच काम आज विरघळणारा दोरा करतो. सर्जन सुई एका नाकपुडीतून पडद्याच्या आरपार दुसऱ्या नाकपुडीत काढतो, थोडं अंतर सोडून पुन्हा अलीकडे आणतो आणि असं करत पुढून मागे जातो. गोधडीला धावदोरा घालावा तसाच हा प्रकार. दोन्ही अस्तरं मधल्या कूर्चेला चिकटून बसतात, रक्त साचायला जागाच उरत नाही. ऑपरेशनला काही मिनिटं जास्त लागतात, पण रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा नाकात ओढून काढण्यासारखं काही नसतं. काही सर्जन पडद्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या बसवतात. त्यांतल्या काहींना श्वासासाठी नळीही असते.

बोळ्यांचा त्रास नुसत्या दुखण्यावर थांबत नाही. नाक बंद असताना घोट गिळला की कानात दडा बसतो. अश्रूंची नळी नाकातच उघडते, ती दबली की डोळे पाझरत राहतात. झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया असेल, तर रात्री रक्तातला ऑक्सिजन आणखी घसरू शकतो. ही बाब मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण नाक चोंदतं म्हणून ऑपरेशनला येणाऱ्यांमध्ये घोरणारे पुष्कळ असतात. बोळा काढताना नव्याने रक्त येणं, चक्कर येणं हेही घडतं.

बोळे घातलेले आणि फक्त टाके घातलेले अशा रुग्णांची तुलना अनेक चाचण्यांत झाली आहे. रक्तस्राव किंवा पडद्यात रक्त साचणं बोळ्यांमुळे कमी होतं, असं त्या एकत्र करून पाहिल्यावर दिसत नाही; वेदना मात्र बोळेवाल्यांना जास्त होतात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2017 मध्ये नाकाचा आकार सुधारण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. पडद्याचं काम सोबत केलेलं असो वा नसो, सरसकट बोळे घालू नयेत, असं त्यांत सांगितलं आहे.

म्हणून बोळा कायमचा बाद झाला, असं नाही. रक्त थांबतच नसेल, रुग्णाला रक्त गोठण्याचा आजार असेल, नाकाच्या हाडांचा चुरा होऊन आतून आधार लागत असेल, किंवा मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळू नये म्हणून कवटीच्या तळाशी ठिगळ लावलं असेल, तर आतून भरण लागू शकतं. सायनसच्या ऑपरेशननंतरही कधी कधी आपोआप विरघळणारा स्पंज ठेवतात. अशा वेळी सर्जनच्या निर्णयावर विश्वास ठेवावा. ऑपरेशनआधी मात्र सरळ विचारावं: बोळे घालणार का, कशासाठी, आणि किती वेळ?

बोळे नसले तरी पहिल्याच दिवशी नाक मोकळं होईल अशी आशा धरू नये. आतल्या सुजेमुळे आठवडा-दोन आठवडे ते चोंदलेलं राहतं, आणि सुरुवातीचे दोन-तीन दिवस लालसर पाणी येतं. उशी उंच घ्यावी, नाक शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यावी, सांगितलं असेल तसं मिठाच्या पाण्याने नाक धुवावं. लालभडक रक्त थांबेना, किंवा दोन्ही बाजू वाढत्या ठणक्यासह बंद होत चालल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं. नाकात बोळा असताना जोराचा ताप, उलट्या-जुलाब आणि उन्हाने भाजल्यासारखी लाल त्वचा दिसली, तर तो स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषाचा परिणाम असू शकतो. हे फार विरळ घडतं, पण तेव्हा बोळा ताबडतोब काढावा लागतो, आणि तो रुग्णालयातच काढायचा.