अग्नी आणि धातुकाम

खनिजातून धातू वेगळा काढून त्याला हवा तो आकार देण्याच्या कलेला धातुकाम म्हणतात. मानवी इतिहासाचे ताम्र, कांस्य आणि लोह असे टप्पे पाडण्याची रीत आहे. तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता : भट्टी किती तापवता येते आणि तिच्यात हवा किती सोडायची.

विस्तव माणसाच्या हाती फार पूर्वी आला. दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची राख आणि जळकी हाडे सापडली आहेत. धातूशी त्याची गाठ मात्र गेल्या दहाएक हजार वर्षांतली. निसर्गात शुद्ध रूपात मिळणारे तांबे ठोकत गेले की कडक होऊन तडकते. तापवले की पुन्हा मऊ पडते. तुर्कस्तानातील चायोन्यू येथील प्राचीन कारागिरांना हे ठाऊक होते.

यापुढचे पाऊल सर्वांत विलक्षण म्हणावे लागेल. मॅलाकाइट हा हिरवा दगड; त्यात तांबे आहे हे बघून कुणाला कळणार नाही. तो लोणारी, म्हणजे लाकडापासून केलेल्या, कोळशाबरोबर भट्टीत घातला की कोळसा दोन कामे करतो. एक तर तो प्रखर उष्णता देतो. शिवाय त्याच्यापासून होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि तांबे मोकळे होते. तांबे वितळायला १,०८५ अंश सेल्सिअस तापमान लागते, म्हणून फुंकणी किंवा भाता हवा. हवा जास्त झाली तर तयार धातू पुन्हा ऑक्सिजनशी संयोग पावतो. सर्बियातील बेलोवोडे येथे इ. स. पू. ५००० च्या सुमारास हे साधले होते.

तांब्यात सुमारे दहावा हिस्सा कथील मिसळले की कांसे होते. ते तांब्याहून कठीण आणि ओतायला सोपे. पण कथील मोजक्याच ठिकाणी मिळते, त्यामुळे कांशाने दूरदूरचे प्रदेश व्यापारात बांधले. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे बुडालेल्या इ. स. पू. चौदाव्या शतकातील जहाजावर सुमारे १० टन तांबे आणि १ टन कथील होते : जवळजवळ कांशाचेच प्रमाण.

लोखंड १,५३८ अंशांना वितळते. जुन्या भट्ट्यांना एवढा ताव झेपत नसे, म्हणून तिथे लोखंड न वितळताच सुटे होई आणि मळीने (खनिजातल्या टाकाऊ भागाने) भरलेला सच्छिद्र गोळा हाती येई. तो लालबुंद असताना घणाने ठोकून मळी बाहेर काढावी लागे. असे मऊ लोखंड चांगल्या कांशाहून सरस नव्हते; कार्बन शोषून पोलाद झाल्यावर आणि पाणी दिल्यावरच, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावरच, ते वरचढ ठरले. त्याचे खनिज मात्र जवळपास सर्वत्र सापडते, त्यामुळे कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ सामान्यांच्या आवाक्यात आले. चीनमध्ये इ. स. पू. पाचव्या शतकापर्यंत बिडाचे, म्हणजे भरपूर कार्बन असलेल्या लोखंडाचे, ओतकाम होऊ लागले होते. सुमारे ४ टक्के कार्बन मिसळला की लोखंडाचा वितळबिंदू १,१५० अंशांच्या आसपास उतरतो, हे त्यामागचे कारण.

या सगळ्याची किंमत जंगलांनी मोजली. १७०९ मध्ये अब्राहम डार्बी यांनी इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे झोतभट्टीत कोक, म्हणजे दगडी कोळसा हवेशिवाय भाजून केलेले इंधन, यशस्वीपणे वापरला आणि लाकडी कोळशावरचे अवलंबन सैल होऊ लागले. हेन्री बेसेमर यांनी १८५६ मध्ये वितळलेल्या बिडातून हवेचा झोत सोडण्याची पद्धत जाहीर केली. तिला वेगळे इंधन लागत नाही. बिडातला कार्बन आणि सिलिकॉन जळून ते आणखी तापते व काही मिनिटांत पोलाद तयार होते. फॉस्फरस असलेल्या खनिजाचे पोलाद मात्र ठिसूळच निघे. भट्टीला आम्लारिधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचे) अस्तर देऊन सिडनी गिलख्रिस्ट टॉमस यांनी १८७० च्या दशकाअखेर ती अडचण दूर केली, आणि त्या भट्टीतली फॉस्फरसयुक्त मळी पुढे शेतात खत म्हणून वापरली जाऊ लागली.